रिमवर्ल्डमध्ये वस्ती कुठे टाकता? आवडता बायोम आणि त्यामागचं कारण

शेकोटी

रिमवर्ल्ड या परग्रहावर वस्ती उभारायच्या संगणक-खेळाचा नवा डाव मांडताना मी सगळ्यात जास्त रेंगाळते ती ग्रहाच्या गोळ्यापाशी. माणसं निवडणं, संकटं धाडणारा कथाकार म्हणून कॅसँड्रा घ्यायची की रँडी, हे पटकन होतं. पण कुठे उतरायचं हे ठरलं की पुढचा सगळा डाव ठरतो. कशाची टंचाई भासणार, कशाची भीती वाटणार, घर लाकडाचं होणार की दगडाचं, हे त्या एका टाइलमध्ये, म्हणजे गोळ्यावरच्या जमिनीच्या तुकड्यात, लिहिलेलं असतं. म्हणून विचारते, तुमचा आवडता बायोम, म्हणजे हवामान-निसर्गाचा प्रदेश, कोणता आणि का? सगळ्यात सोपा कोणता ते नको. जिथे पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं तो सांगा. मॉड्सचे, म्हणजे खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्यांचे, बायोम सध्या बाजूला ठेवू, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल.

माझं उत्तर बोरियल फॉरेस्ट, म्हणजे थंड प्रदेशातलं जंगल. त्यातही मोठ्या टेकड्या, मधून नदी, आणि पिकांचा हंगाम वीस ते तीस दिवसांचा.

कारण एकच आहे, हिवाळा. खेळातलं वर्ष साठ दिवसांचं, पंधरा-पंधरा दिवसांचे चार भाग. ज्या टाइलवर वर्षभर पिकतं तिथे एप्रिमे आणि सेप्टोबर या भागांत मला काही फरक वाटत नाही, दिवस नुसते पुढे सरकतात. बोरियलमध्ये उतरल्या क्षणापासून हिशोब सुरू होतो. साध्या मातीत तांदूळ तयार व्हायला प्रत्यक्षात साडेपाच दिवस लागतात, बटाट्याला पावणेअकरा, मक्याला जवळजवळ एकवीस. (खेळातल्या माहितीपाटीवर ३, ५.८ आणि ११.३ दिसतात, पण रोपं रात्री वाढत नाहीत.) म्हणजे वीस दिवसांच्या हंगामात तांदूळ तीनदा निघतो, बटाटा एकदा नक्की, आणि साध्या मातीतला मका थंडीत सापडतो. तोच मका सुपीक मातीत लावला तर पंधरा दिवसांत हाताशी येतो. त्यामुळे मॅप उघडल्याबरोबर मी आधी सुपीक मातीचे तुकडे शोधते. घर कुठे बांधायचं ते शेत ठरवतं.

दुसरं म्हणजे इथे कंजुषी एकाच गोष्टीची आहे, वेळेची. लाकूड मुबलक, शिकार मुबलक, झुडपांवर बेरी मिळतात. मफेलोंचा (खेळातल्या लोकरी गव्यांसारख्या जनावरांचा) कळप माणसाळवला की लोकर मिळते, ओझं वाहायला जनावरं मिळतात. पण त्याच मफेलोंना हिवाळ्यात चरायला काही उरत नाही, म्हणून माणसांच्या धान्याबरोबर गवताचीही साठवण करावी लागते. पहिल्या वर्षी किती जनावरं पाळायची हा निर्णय मला लढाईच्या कुठल्याही निर्णयापेक्षा जास्त जड वाटतो.

आणि हिवाळ्याची देणगीही आहेच. छप्पर असलेल्या उघड्या गोदामात मांस टाकलं की बाहेरच्या थंडीत ते आपोआप गोठतं. कूलर नको, वीज नको. बर्फ पडायला लागला, शेतं पांढरी झाली, सगळे आत येऊन सुतारकी-शिवणकामाला बसले की ती वस्ती मला खरी गाव वाटू लागते. त्या आठवड्यांसाठी मी खेळते.

तुमचं सांगा.

कोरडवाहू

शेकोटीताई, हिशोब पटला. पण माझं मन उघड्या रानात रमतं. अ‍ॅरिड श्रबलँड (कोरडं झुडपी रान) पहिला, आणि हात बसला की सरळ वाळवंट.

श्रबलँडला लोक अर्धवट वाळवंट समजून टाळतात, ते चूक आहे. माती भरपूर असते, बऱ्याच टाइलवर साठच्या साठ दिवस पिकतं, जनावरं कळपानं फिरतात आणि रोगराई कमी. कमी आहे ती झाडांची. आणि लाकूड नाही म्हटल्यावर आपण किती गोष्टी लाकडावर उभ्या करतो ते कळतं. शेकोटी, जळणावर चालणारा जनरेटर, बिनविजेचा कूलर, पलंग, दारं, सगळं. त्या साध्या कूलरला बांधायलाच ५० लाकूड लागतं आणि पुढे जळण म्हणूनही तो लाकूडच खातो. उन्हाची लाट आली की नेमकी तेव्हाच त्याची गरज. म्हणून मी उतरल्यावर एकही पलंग लाकडाचा करत नाही. पहिल्या दिवशी दगड फोडायचं टेबल, आणि लाकूड राखून ठेवायचं.

माझं घर धाराशिवकडच्या शेतकऱ्यांचं. तिकडे रान हलकं की भारी हे बघितल्याशिवाय कोणी पेरणीचं बोलत नाही, आणि या खेळात मला नेमकं तेच करायला मिळतं. वाळवंटात वाळूची सुपीकता अवघी १० टक्के, खडकाळ मातीची ७०. आता ७० टक्क्यांच्या मातीत तांदूळ लावला तर तो तेवढाच मागे पडतो, जवळजवळ आठ दिवस घेतो. बटाट्याला मात्र मातीचं फारसं पडलेलं नसतं. तोच बटाटा खडकाळ मातीत सव्वाबारा दिवसांत निघतो, म्हणजे दीड दिवसाचाच फरक. हलक्या मातीत बटाटा, साध्या मातीत तांदूळ, सुपीक तुकडा सापडला तर मका. हे एकदा अंगवळणी पडलं की वाळवंटात कोणी उपाशी मरत नाही.

लढाईचंही सांगतो. जंगलात हल्लेखोराला पावलापावलावर झाडाची आड मिळते. माझ्या रानात तो मॅपच्या कडेपासून उघड्यावर चालत येतो. दोन चांगले नेमबाज आणि बोल्ट अ‍ॅक्शन रायफली असल्या तर दारापर्यंत निम्मेच पोचतात.

देवराई

माझा आवडता समशीतोष्ण जंगलाचा प्रदेश, तोच जो खेळ स्वतः नवख्यांना सुचवतो. लोक त्याला 'सोपा' म्हणून मोडीत काढतात, मला ते पटत नाही. तिथे जगण्याची काळजी कमी असल्यामुळे माणसांकडे लक्ष देता येतं. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाचं लग्न ठरतंय, कोणाच्या खोलीत पुतळा ठेवायचा. संगमरवराचं जेवणघर बांधायला मला वेळ हवा असतो आणि तो तिथेच मिळतो. हिवाळा आहे, पण छातीवर बसणारा नाही.

रानभूल

पावसाळी जंगलाचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. ट्रॉपिकल रेनफॉरेस्ट, माझा कायमचा मुक्काम.

वर्षभर शेती. पाहिजे तेवढं लाकूड, त्यात साग आणि बांबू. खेळात इतक्या झाडांमध्ये सागाचं झाड उगवलेलं पाहिलं तेव्हा मी खरोखर हरखलो होतो. साग वाढायला वेळ घेतो पण तोडल्यावर लाकूडही तसंच देतो. हिवाळ्याची धास्ती नाही, पार्का (थंडीचे जाड कोट) शिवत बसायचं नाही.

मग अडचण कुठे आहे? रोगात. टाइल निवडताना उजवीकडच्या माहितीत रोगराईचं प्रमाण दिलेलं असतं, ते बहुतेक जण वाचत नाहीत. मलेरिया, झोपेचा आजार, आतड्यातले जंत, स्नायूंतले परजीवी, एकामागून एक. मलेरियात खरी शर्यत असते. आजार एका बाजूनं चढतो, रोगप्रतिकार दुसऱ्या बाजूनं, आणि आजार आधी शंभरावर पोचला तर माणूस गेला. त्या शर्यतीत तुमच्या हातात तीन गोष्टी, चांगला वैद्य, चांगलं औषध आणि रुग्णाला पलंगावर पडून राहू देणं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, कारण नेमकं तेव्हा पीक कापणीला आलेलं असतं आणि सहापैकी तीन माणसं तापानं फणफणलेली असतात.

म्हणून माझ्या वस्तीत पहिली पक्की इमारत दवाखान्याची. स्वच्छ फरशी, दिवा, जवळच औषधांचं कपाट. हीलरूटचं (औषधी वनस्पतीचं) शेत धान्याच्या शेताइतकंच महत्त्वाचं. पुढे संशोधन झालं की पेनॉक्सिसायक्लिन. दर पाच दिवसांनी एक गोळी, मलेरिया, झोपेचा आजार आणि प्लेग जवळ येत नाहीत. जंतांवर आणि परजीवींवर तिचा उपयोग नाही हे मात्र लक्षात ठेवा. ती बनवायला न्यूट्रोअमाइन हे रसायन लागतं आणि ते आपल्याला तयार करता येत नाही, व्यापाऱ्याकडूनच घ्यावं लागतं. म्हणून रेनफॉरेस्टमधली माझी प्रत्येक वस्ती व्यापारावर उभी असते. शेजारच्या गावांशी भांडण परवडत नाही. इतर बायोममध्ये मी असा विचार कधी केला नसता. आरोग्यासाठी शेजाऱ्यांशी गोडीत राहावं लागतं ही गोष्ट मला फार आवडते.

आणि हत्ती. तिथला हत्तींचा कळप पिसाळला तर दरवाजे बंद करून शांत बसायचं, दुसरा मार्ग नाही.

शेकोटी

रानभूल, दवाखाना आधी हे वाचून तुमचा पूर्ण डाव डोळ्यांसमोर आला. एक शंका. जंगल इतकं दाट की माणसं चालताना रेंगाळतात, शेतासाठी जमीन मोकळी करण्यातच पहिले दिवस जातात. तुम्ही ते कसं सोडवता?

रानभूल

सगळं एकदम तोडत नाही. आधी घर, शेत आणि गोदाम यांच्यामधल्या वाटा मोकळ्या करतो आणि त्यांवर फरशी टाकतो, म्हणजे पुन्हा उगवत नाही. बाकी जंगल तसंच ठेवतो, ते माझं लाकडाचं कोठार. घराभोवती थोडी मोकळी पट्टी मात्र हवीच, वीज पडून आग लागली तर ती घरापर्यंत येऊ नये म्हणून. पाऊस बहुतेक वेळा आग विझवतो, पण त्याच्या भरवशावर लाकडी घर बांधायचं नाही.

एक व्यावहारिक गोष्ट. झाडं आणि जनावरं जास्त असल्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिसऱ्या वेगाला हा बायोम अडखळतो. ज्यांचं मशीन साधं आहे त्यांनी मॅपचा आकार नेहमीच्या २५० × २५० पेक्षा वाढवू नये.

हिमगंगा

मी फिनलंडमध्ये ओउलूला राहते. इथे डिसेंबरात दिवस जेमतेम साडेतीन-चार तासांचा, आणि खिडकीबाहेर शेकोटीताईंचं बोरियल फॉरेस्ट. त्यामुळे असेल कदाचित, खेळात मी त्याच्याही पलीकडे जाते. आइस शीट.

बर्फाच्या पठारावर काय आहे? माती नाही, झाडं नाहीत, झुडपं नाहीत, चरणारी जनावरं नाहीत. दगडी टेकड्या, त्यांतली खनिजं आणि गरम वाफेचे गीझर, इतकंच. (सी आइसवर, म्हणजे गोठलेल्या समुद्रावर, तर दगड आणि खनिजंही नाहीत. तिथे मी जात नाही, दगडसुद्धा नसेल तर मला बांधण्याचा आनंद मिळत नाही.) टाइल निवडताना टेकड्यांचीच घ्यायची, सपाट नाही.

इथे सगळा खेळ विजेचा आहे. एका सनलॅम्पला (घरात पीक वाढवणाऱ्या दिव्याला) २,९०० वॅट लागतात. त्याच्या उजेडात हायड्रोपोनिक्सचे, म्हणजे मातीविना शेतीचे, २४ ट्रे बसतात, प्रत्येकी ७० वॅट, म्हणजे १,६८०. एकूण ४,५८०. गीझरवरचा जनरेटर देतो ३,६००. म्हणजे एक गीझर एका शेतालाही पुरत नाही, आणि हीटर अजून धरलेलेच नाहीत. सोलर पॅनलचं म्हणाल तर खेळ अक्षांशाप्रमाणे दिवस लहान-मोठा करतो, ध्रुवाजवळ हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा खेळ करणाऱ्यांविषयी फार आदर वाटला. उरला वारा. पवनचक्कीला इथे मात्र सुख आहे, समोर वाढून आड येणारं झाडच नाही.

आणि सोलर फ्लेअर, सगळी वीज बंद पाडणारं सौरवादळ. वीज गेली की ट्रेमधली रोपं मरायला लागतात. जमिनीतलं पीक तग धरतं, ट्रेमधलं धरत नाही. म्हणून मी एका वेळी सगळे ट्रे एकाच अवस्थेत ठेवत नाही, अर्धे पेरलेले, अर्धे कापणीला आलेले. फ्लेअर आला तर निदान निम्मं धान्य आधीच गोदामात असतं. ट्रेमधली सुपीकता २८० टक्के, तांदूळ दोन दिवसांत निघतो, त्यामुळे सावरायलाही वेळ लागत नाही, फक्त मध्ये काही दिवसांचं जेवण शिल्लक हवं.

सुरुवातीचे दिवस कसे काढायचे हा प्रश्न सगळे विचारतात. तीन माणसं आणि जेवणाची ५० पाकिटं यावर साधारण नऊ-दहा दिवस निघतात. तेवढ्यात वीज, उबदार खोली आणि पहिले ट्रे उभे राहिले पाहिजेत. नाही राहिले तर मग हल्लेखोरांची प्रेतं. ज्यांना ते पचत नाही त्यांनी इथे येऊ नये. मी स्वतः न्यूट्रिएंट पेस्टचं यंत्र लवकर लावते, तेवढ्याच कच्च्या मालात जास्त पोटं भरतात.

मग का जाते? कारण तिथे प्रत्येक हिरवं पान आपण उगवलेलं असतं. सनलॅम्पच्या खोलीचं दार उघडलं आणि आत तांदळाची रांग दिसली की मला कुठल्याही महालापेक्षा जास्त समाधान मिळतं.

कोरडवाहू

हिमगंगाताई, तुमच्या विजेच्या हिशोबाची प्रत काढून ठेवतोय. वाळवंटातही पुढे ट्रे लागतातच.

एक गैरसमज इथे दूर करतो कारण तो फार पसरलेला आहे. कठीण बायोम घेतला म्हणून हल्ले मोठे होत नाहीत. हल्ल्याचा आकार ठरतो मुख्यतः वस्तीच्या संपत्तीवर, माणसांच्या संख्येवर आणि निवडलेल्या काठिण्यपातळीवर. गरीब प्रदेशात संपत्ती हळू साठते, म्हणून धाडीही बऱ्याच काळ लहान राहतात. उलट रेनफॉरेस्टमध्ये किंवा देवराईंच्या संगमरवरी जेवणघरात पैसा भराभर दिसायला लागतो आणि मग भिंतीपलीकडे गर्दी वाढते. बर्फावर टिकलेली वस्ती लढाईला कमी पडत नाही त्याचं हे एक कारण.

देवराई

कोरडवाहू, ते खरं आहे. पण संगमरवर सोडणार नाही.

अंधारवाट

मी जरा वेगळं मांडतो. बायोमपेक्षा जमिनीचा चढउतार जास्त महत्त्वाचा. तुम्ही सगळे जंगल-वाळवंट म्हणताय, मी फक्त एवढंच बघतो की टाइल डोंगराळ आहे का.

डोंगराच्या पोटात घर खोदलं की बाहेर कोणता बायोम आहे याचा निम्मा प्रश्न मिटतो. आत तापमान फारसं हलत नाही. जाड कड्याच्या छतातून आकाशातून हल्लेखोर उतरवणारे ड्रॉप पॉड येत नाहीत, मॉर्टरचा गोळा ते भेदू शकत नाही. विषारी धूळ पडायला लागली तर आत बसून महिना काढता येतो. आणि प्रवेश एकच असल्यामुळे बचाव एकाच जागी.

त्याची किंमत म्हणजे कीटक. इन्फेस्टेशन (त्यांचा उपद्रव) नेमकं त्याच जाड छताखाली होतं, अंधार असला की आणखी. झोपलेल्या माणसांच्या शेजारच्या खोलीत जमीन फोडून बाहेर पडतात. यावर खरा तोडगा थंडीत आहे. तापमान उणे १७ च्या खाली असलेल्या जागी ते उगवत नाहीत. म्हणून वापरात नसलेले बोगदे मी गोठवून टाकतो. आणि याच कारणासाठी मला टुंड्रातला डोंगर सगळ्यात प्रिय आहे. बाहेरची थंडी आत घ्यायला एक झडप पुरते, कूलरची रांग लावावी लागत नाही. शिवाय टुंड्रात कॅरिबूंचे मोठे कळप येतात, त्यामुळे बर्फावरच्यासारखी अन्नाची पहिल्या दिवसापासून मारामार नाही. झाडं तुरळक, पण डोंगरात राहणाऱ्याला लाकूड लागतं किती?

हिमगंगांना विचारायचं होतं, तुमच्याकडे कीटक येतात का?

हिमगंगा

गरम ठेवलेल्या भागात, वर डोंगर असेल तर शक्यता आहे. म्हणून मी राहण्याच्या खोल्या कड्याच्या आत नेत नाही, कड्याला लागून बाहेर बांधते. आत फक्त थंड गोदामं.

चिखलवाट

दलदलीबद्दल दोन शब्द, कारण तिची बाजू घेणारं कोणी नाही. समशीतोष्ण दलदल असो वा थंड बॉग, दगडी भिंत तिथे मऊ जमिनीवर उभी राहत नाही, हलकी लाकडी राहते. पक्क्या जमिनीची बेटं शोधून त्यांवर वस्ती वसवावी लागते, मध्ये पूल. गावाचा आराखडा तुम्ही ठरवत नाही, पाणी ठरवतं. मला सरळ रेषेतल्या चौकोनी वस्त्यांचा कंटाळा आला होता, त्यावर दलदलीसारखं औषध नाही. पाणी उपसायचे पंप मिळतात पुढे, जमीन हळूहळू कोरडी होते, पण मी ते लावत नाही. रोग आहेत, चाल मंद आहे, हे मान्य. हल्लेखोरांचीही चाल तितकीच मंद होते. चिखलातून रखडत येणाऱ्या माणसावर नेम धरायला भरपूर वेळ असतो.

टेहळणी

ओडिसी हा खेळाचा विस्तार आल्यापासून (जुलै २०२५) माझ्यासाठी हा प्रश्नच बदलला. ग्रॅव्हशिप हे उडतं जहाज बांधलं की वस्ती उचलून दुसऱ्या टाइलवर नेता येते. उन्हाळ्यात उत्तरेला, हिवाळ्यात विषुववृत्ताकडे. गवताळ प्रदेश, लाव्हाचं मैदान, चमकणाऱ्या बुरशीचं जंगल हे नवे बायोमही त्यातच आले, आणि मासेमारीही, त्यामुळे नदीकाठाला आणि किनाऱ्याला आता जास्त किंमत आहे. मला आता 'आवडता बायोम' असा उरलेला नाही, आवडता मार्ग आहे.

शेकोटी

टेहळणी, ग्रॅव्हशिप मीही चालवली, सुंदर आहे. पण माझं मन लागलं नाही, आणि कारण सांगते. थंडी आली की निघून जायची सोय असेल तर गवत साठवायची गरज उरत नाही, जनावरं किती ठेवायची हा पेच उरत नाही. कोरडवाहू मातीचा एकेक तुकडा ओळखतात, रानभूल शेजाऱ्यांशी जुळवून घेतात, चिखलवाट पाण्याच्या कलानं गाव वसवतात, कारण त्यांना तिथेच राहायचं आहे. जागेशी बांधलं गेल्यामुळेच ती जागा कळते. उडून जाणाऱ्याला ती कळायला वेळच मिळत नाही. तुमच्या डावाला कमी लेखत नाही, फक्त माझ्यासाठी 'वस्ती' या खेळाचा गाभा तिथे आहे.

टेहळणी

समजलं. तरी एक बाजू मांडतो. प्रत्येक मुक्कामी थोडेच दिवस असल्यामुळे मी टाइलची माहिती तुमच्यापेक्षा बारकाईनं वाचतो. दगड कोणता, रोगराई किती, हंगाम किती दिवस, रस्ता कुठे, हे उतरण्याआधी पाठ असावं लागतं. ओळख वरवरची नसते, घाईची असते.

कालचउतरलो

नमस्कार मंडळी. मी खेळ नुकताच घेतला, अजून एकही हिवाळा पाहिलेला नाही. धागा वाचून शेकोटीताईंच्या वाटेनं जायचं ठरवलंय. टाइल निवडली आहे, बोरियल, मोठ्या टेकड्या, हंगाम २०/६०, दगड ग्रॅनाइट आणि पाटीचा (स्लेट), नदी आहे. तीन माणसं, त्यांपैकी एकीचा शेतीत हात चांगला आहे. नदीच्या वळणावर सुपीक मातीचा बऱ्यापैकी मोठा तुकडा दिसतोय. पहिल्या हिवाळ्यासाठी नेमकं किती पेरू? आणि घर आधी की शेत?

कोरडवाहू

शेत. घर म्हणून एक मोठी लाकडी खोली पुरे, तिघं तिथेच झोपतील. थोडी कुरकुर करतील पण मरणार नाहीत. ग्रॅनाइट आहे हे उत्तम, सगळ्यात टणक दगड तोच. पण भिंतींचं काम पेरणी झाल्यावर.

शेकोटी

टाइल फार छान मिळाली आहे. हिशोब असा.

एका माणसाला दिवसाला साधारण १.६ पोषण लागतं, तिघांना ४.८. साध्या जेवणाच्या एका ताटात ०.९ पोषण असतं आणि त्याला १० कच्चं धान्य लागतं, म्हणजे दिवसाला सव्वापाचच्या थोडी वर ताटं, ५३ धान्य. तुमच्याकडे ४० दिवस काही पिकणार नाही, तर लागले साधारण २,१००. मक्याच्या एका रोपाला २२ मिळतात. म्हणजे १०० रोपं, १० × १० चा चौकोन, तोही पूर्ण त्या सुपीक तुकड्यावर. तो पहिल्याच दिवशी पेरा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. सुपीक मातीत पंधरा दिवस लागतात, हंगाम वीस दिवसांचा, आणि शेवटचे काही दिवस तापमान सहा अंशांच्या खाली गेलं की वाढ मंदावते. तुमच्याकडे मोकळे दिवस फार तर तीन-चार आहेत.

त्याच्या शेजारी साध्या मातीत तांदळाचा छोटा पट्टा, ५ × ६ पुरे. पाकिटं संपतील तेव्हा तो कापणीला आलेला असेल आणि मका येईपर्यंत बेरी आणि शिकारीच्या जोडीला चालेल. चांगला हात असलेल्या मुलीलाच पेरणी-कापणी द्या, कच्च्या हाताकडून कापणीत पीक वाया जातं.

मका छपराखाली ठेवा. तो कच्चा साठ दिवस टिकतो, बटाटा तीसच दिवस, म्हणून साठवणीला मकाच. शिकार सेप्टोबरच्या शेवटी वाढवा, तेव्हा मांस आपोआप गोठायला लागलेलं असेल. चामडं निघेल त्याचे आधी तीन पार्का शिवा. जनावरं पहिल्या वर्षी पाळू नका. मफेलो दारात आला तरी नाही, गवताचं शेत दुसऱ्या वर्षी लावा आणि मग घ्या. नदीवर पाणचक्की बसवायचं संशोधन जमलं तर १,१०० वॅट कायमचे मिळतात, हिवाळ्यातल्या हीटरला तेवढे बास होतात.

अंधारवाट

आणि टेकडीत खोदायला सुरुवात केली तर झोपायच्या खोल्या कड्याच्या अगदी काठाला ठेवा, पातळ छताखाली. जाड छत कुठे सुरू होतं ते खालच्या कोपऱ्यातलं छताचं बटण दाबलं की दिसतं.

कालचउतरलो

मका पेरला. १० × १० पूर्ण बसला, तांदूळही लावतोय. मफेलो दोन आलेत, त्यांच्याकडे बघतही नाहीये. सेप्टोबरात पुन्हा येतो.